सत्कार पुरे, पोपटी लावा

ज्येष्ठ नागरिकांचा कार्यक्रम म्हटला की आपल्याकडे एक साचा तयार असतो. हॉल, मागे बॅनर, व्यासपीठावर खुर्च्यांची रांग आणि समोर ज्येष्ठ. प्रमुख पाहुण्यांची वाट पाहण्यात पाऊण तास जातो. मग शाल-श्रीफळ, मग मधुमेहावर व्याख्यान आणि व्याख्यान संपल्यावर अल्पोपाहारात गुलाबजाम. 1 ऑक्टोबरला, म्हणजे जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनी, हे हमखास होतं. पनवेल महानगरपालिकाही 2016 साली 1 ऑक्टोबरलाच स्थापन झाली, त्यामुळे त्या दिवशी आपल्याकडे हारांचा भाव जरा जास्तच चढत असावा.

यात वाईट काही नाही. पण तीन तास मुकाट बसून ऐकणं याला विरंगुळा कसा म्हणायचा? निवृत्त माणसाला घरात ऐकायलाच तर असतं सगळं. नोकरी सुटली की पगार थांबतो हे खरं, पण मनाला लागतं ते वेगळंच. आता आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही, ही बोच असते. म्हणून ज्येष्ठांचा गट जमवायचा असेल तर एकच कसोटी लावा: या कार्यक्रमात येणाऱ्या प्रत्येकाला काही काम आहे का? ज्याच्या हाताला काम आहे तो पुढच्या वेळी आपणहून येतो. ज्याला नुसती खुर्ची दिली तो तिसऱ्या वेळी 'गुडघा दुखतोय' असं कळवतो, आणि बहुतेक वेळा तो खरंच दुखत असतो.

आणि हे सुरू करायचं तर मुहूर्त हिवाळ्याचा. पनवेलचा पाऊस चार महिने माणसाला घरात डांबतो. एका हातात छत्री, दुसऱ्यात पिशवी आणि खाली शेवाळलेला रस्ता, अशा अवस्थेत सत्तरीच्या माणसाने बाहेर पडूच नये. पुढे ऑक्टोबरचा उकाडा येतो आणि मार्चपासून घामाच्या धारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच काय ते आपले महिने.

गरजही इथे मोठी आहे. जुनं पनवेल गावासारखं आहे. तिथे तळ्याकाठच्या बाकावर बसलं तरी येणारा-जाणारा हाक मारतो. पण नवीन पनवेल, खारघर, कामोठे, करंजाडे इथल्या उंच इमारतींत हजारो ज्येष्ठ असे आहेत, ज्यांचं आयुष्य दुसरीकडे गेलं. कुणी गिरगाव-परळची खोली विकून आलेलं, कुणाला मुलाने सातारा-सांगलीहून आणलेलं. लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे ओळख नाही. जुन्या पनवेलकराला माणसं आहेत, पण रोजच्या कट्ट्यावर त्याच त्या गप्पांचा त्यालाही कंटाळा आलाय. या दोघांची गाठ घालून देणं हे हिवाळ्यातलं खरं काम.

सुरुवात लहान करा. आठ-दहा माणसं पुरेत. पहिल्याच महिन्यात नाव, लोगो, अध्यक्ष, कार्याध्यक्ष यांच्या मागे लागू नका. पदं वाटली की रुसवे सुरू होतात आणि संक्रांतीपर्यंत गटाचे दोन गट होतात. ठरवायच्या गोष्टी तीनच: वार, वेळ आणि जागा. त्या मात्र हलवायच्या नाहीत.

वेळेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. 'पहाटेची शुद्ध हवा' हा समज आपण लहानपणापासून सांभाळलाय, पण हिवाळ्यातल्या पनवेलला तो लागू पडत नाही. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड राहते, वर जात नाही. रात्रभराचा धूर, महामार्गावरच्या ट्रकांचा, तळोज्याच्या कारखान्यांचा आणि चहूकडच्या बांधकामांची धूळ हे सगळं पहाटे नाकाच्या उंचीवरच असतं. दमा किंवा हृदयविकार असलेल्याने पाच वाजता मफलर गुंडाळून चालायला जाण्यात शौर्य नाही. जानेवारीत इथे सूर्यच सव्वासातच्या सुमारास उगवतो. चालणाऱ्यांनी त्यानंतर निघावं. आणि गटासाठी सगळ्यांत सोयीची वेळ सकाळी साडेनऊ. तोवर नातवंडं शाळेच्या बसमध्ये बसलेली असतात, आंघोळ-नाश्ता-गोळ्या झालेल्या असतात आणि ऊन अंगावर घ्यावंसं असतं. पनवेलमधले निम्मे आजी-आजोबा बिनपगारी पूर्णवेळ नोकरीवर आहेत, हे धरूनच वेळापत्रक करावं लागतं.

जागेला तोटा नाही. वडाळे तलावाचा काठ आहे, खारघरकरांना सेंट्रल पार्क आहे, सोसायटीची गच्ची किंवा बाग तर आहेच. दोनच गोष्टी पाहा. बसायला पाठ टेकणारी जागा हवी, आणि जवळ स्वच्छ स्वच्छतागृह हवं. दुसरी गोष्ट कुणी उघड बोलत नाही, पण कित्येक बायका आणि प्रोस्टेटचा त्रास असलेले कित्येक पुरुष निव्वळ त्यापायी घराबाहेर पडायचं टाळतात. संयोजकाने ती आधी स्वतः जाऊन पाहावी.

पैशाचं सुरुवातीलाच बोलून घ्या. एकाच इमारतीत बँकेतून निवृत्त झालेला असतो आणि कारखान्यातून निवृत्त झालेलाही. खासगी नोकरीतल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेची किमान पेन्शन 2014 पासून दरमहा 1000 रुपये आहे. त्या माणसाला तुम्ही 'फक्त बाराशे रुपयांत रिसॉर्ट' असं सहज म्हणालात, तर तो काहीतरी कारण सांगेल आणि पुन्हा येणार नाही. तेव्हा वर्गणी सर्वांत कमी पेन्शनवाल्याला झेपेल एवढीच ठेवा. जास्त देऊ शकणाऱ्याने नाव न सांगता द्यावं. हिशेबाची वही एकाकडे, ती महिन्याला सगळ्यांसमोर वाचायची. चहाच्या पावतीसकट.

आता पोपटी.

रायगडात हिवाळा आला हे थर्मामीटरवरून कळत नाही, पोपटीच्या वासावरून कळतं. भात कापून झालं की त्याच शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. डिसेंबरअखेरपासून त्याच्या शेंगा भरू लागतात आणि मग शेताशेतांत मडकी उलटी होऊ लागतात. घाटावरून किंवा मुंबईहून आलेल्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर मडक्यात, पाण्याचा थेंबही न घालता, वालाच्या शेंगा त्यांच्याच वाफेवर शिजवायच्या. पण ज्येष्ठांच्या गटासाठी याच्याइतका चांगला कार्यक्रम मला दुसरा दिसत नाही. यात प्रत्येकाला काम आहे, आणि ज्याला गुडघ्यामुळे उठबस जमत नाही त्यालाही आहे.

शेंगा निवडायचं काम बसूनच करायचं. कोवळी, पोचट किंवा भोक पडलेली किडकी शेंग बाजूला काढायची. चार-पाच जणांनी खुर्च्यांवर बसून मांडीवर ताट घेतलं की अर्ध्या तासात ढीग उपसतो, आणि कोण कुठल्या गावचा, कुणाची किती मुलं, हे सगळं त्या अर्ध्या तासात कळतं. ओळख करून देण्याचा वेगळा कार्यक्रम लागत नाही. मग शेंगा धुऊन निथळून जाडं मीठ आणि ओवा चोळायचा. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला दाबून बसवायचा. या रानटी झुडपाला उग्र, किंचित ओव्यासारखा वास असतो आणि पोपटीची सगळी खुमारी त्यातच आहे. मोसमात बाजारात शेंगांबरोबर त्याच्या जुड्याही मिळतात. त्यावर शेंगांचा थर, मध्ये बटाटे, रताळी, कांदे, पुन्हा शेंगा. मांसाहारींच्या मडक्यात अंडी आणि मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी. दोन मडकी वेगळीच लावा, आणि शाकाहारी मडकं कुठलं ते खडूने लिहून ठेवा. यावरून झालेली भांडणं पुढच्या पोपटीपर्यंत टिकतात.

मडक्याचं तोंड पाल्याने गच्च बंद करायचं आणि ते जमिनीवर उलटं ठेवायचं. भोवती आणि वरून काटक्या, गोवऱ्या, पेंढा रचून जाळ लावायचा. अर्धा-पाऊण तास. झालं की नाही हे ओळखायची खूण अशी की तापलेल्या मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडायचे. चर्र आवाज होऊन थेंब तत्काळ उडाले की पोपटी तयार. ही परीक्षा गावातल्या एखाद्या जाणत्या आगरी आजोबांच्या हाती सोपवा. उभा जन्म ज्याने हे केलं, त्याला बँकेतल्या निवृत्त साहेबांना 'अजून पाच मिनिटं थांबा' असं हुकमाने सांगता येतं. त्या क्षणी जुनं पनवेल आणि नवं पनवेल एका पंगतीत बसतं. पोपटी वर्तमानपत्रावर ओतू नका, शाई गरम शेंगांना लागते. केळीची पानं घ्या.

काही पथ्यं मात्र पाळायची. सोसायटीच्या आवारात जाळ करायचा तर परवानगी हवी आणि शेजारच्यांच्या खिडक्यांत धूर जाणार नाही हे पाहायला हवं. त्यापेक्षा नेरे, वाजे, मालडुंगे या बाजूला कुणाच्या ओळखीचं शेत असतंच, ते बरं. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला खुर्च्या मांडा. दम्याचे पेशंट जाळापासून लांब, शेंगा निवडण्याच्या कामावर. सिंथेटिक शाल आणि सुटा पदर घेऊन जाळाजवळ कुणी जायचं नाही. रक्तदाबवाल्यांसाठी मीठ कमी असलेलं छोटं मडकं लावता येतं. जाळ दुपारी साडेतीन-चारलाच लावा. डिसेंबर-जानेवारीत सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो आणि शेताच्या बांधावर अंधारात पाय मुरगळणं म्हणजे पुढचे तीन महिने पलंगावर.

रोज काही पोपटी लावता येत नाही. दर आठवड्याच्या बैठकीसाठी मला दिवाळी अंकांची भिशी सगळ्यांत आवडते. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात हिवाळ्याचं वाचन ठरलेलं. पण आता अंकांच्या किमती पाहता एकट्याने चार-पाच घेणंही जड जातं. दहा जणांनी एकेक वेगळा अंक घ्यायचा आणि दर आठवड्याला तो पुढच्याकडे सरकवायचा. दहा आठवड्यांत, म्हणजे जानेवारी संपेपर्यंत, प्रत्येकाचे दहा अंक वाचून होतात. अंक परत देताना एवढंच सांगायचं की यातलं काय वाचावं आणि काय सोडावं. काय सोडावं यावर चर्चा जास्त रंगते. ज्यांची नजर अधू झाली आहे त्यांना एखादी कथा मोठ्याने वाचून दाखवायची. निवृत्त शिक्षक या कामाला हपापलेले असतात, त्यांना संधी द्या. भिशी संपली की अंक के. गो. लिमये वाचनालयासारख्या एखाद्या ग्रंथालयाला विचारून द्यावेत आणि जमलं तर तिथलं सभासदत्वही घ्यावं.

नाटकाची आवड असेल तर आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह गावातच आहे, दादर-ठाण्याला जायची गरज नाही. दुपारचा प्रयोग धरा. एकत्र तिकिटं काढताना पुढच्या रांगेचा हट्ट नको, मार्गिकेच्या कडेच्या खुर्च्या मागा. मध्यंतराआधीच उठावं लागलं तर कुणाच्या पायांवरून जावं लागत नाही. बाल्कनी टाळा, अंधारात पायऱ्या दिसत नाहीत. घरी परतताना रिक्षा मिळेपर्यंत सगळ्यांनी एकत्र थांबायचं, हा नियमच करा.

सहलीसाठी लोक उगीच महाबळेश्वरचा विचार करतात. आपल्या दारात एकाच रस्त्यावर एक दिवस पुरेल एवढं आहे. पळस्पे फाट्यावरून गोवा महामार्गाला लागलं की पहिलं येतं शिरढोण. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म इथे 4 नोव्हेंबर 1845 रोजी झाला. ज्यांच्या नावाच्या नाट्यगृहात आपण नाटक पाहतो, त्यांचं गाव पाहिलेलं नसणारे पनवेलकर थोडेथोडके नाहीत. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते, आणि तो कर्नाळा पुढे काही मिनिटांवर, अंगठा वर केल्यासारखा उभा दिसतोच. किल्ला खालूनच पाहा. तो चढायचा मोह आपल्या वयात धरू नये आणि सुळक्यावर मधमाश्यांची पोळी आहेत हेही लक्षात ठेवा.

खालचं पक्षी अभयारण्य मात्र आपल्यासाठीच आहे. 1968 साली ते जाहीर झालं आणि आज त्याचा विस्तार 12 चौरस किलोमीटर आहे. हिवाळ्यात इथे उत्तरेकडचे पाहुणे पक्षी येतात. नशीब असेल तर लांब पांढऱ्या रिबिनीसारखी शेपटी मिरवणारा स्वर्गीय नर्तक दिसतो. पक्षी पाहायचे तर उघडण्याच्या वेळेलाच पोचा, दहानंतर पक्षी कमी आणि कॉलेजची मुलं जास्त. प्रवेशद्वाराजवळच्या सपाट वाटेवर बसून राहिलं तरी चालतं. किंबहुना बसून राहणाऱ्यालाच जास्त पक्षी दिसतात, आणि या एका बाबतीत तरुणांपेक्षा आपण सरस आहोत. एकच दुर्बीण असेल तर ती फिरवायची आणि दिसलेल्या पक्ष्यांची यादी लिहायचं काम एकाला द्यायचं. मोबाईलवर गाणी लावणाऱ्याला गाडीत बसवून ठेवा.

तिथून थोडं पुढे तारा गावात युसूफ मेहेरअली सेंटर आहे. 1942 साली मुंबईचे महापौर असलेल्या आणि 'भारत छोडो' हे शब्द दिलेल्या समाजवादी नेत्याच्या नावाने 1961 मध्ये ही संस्था सुरू झाली. घाणीचं तेल, साबण असे ग्रामोद्योग तिथे चालतात. आधी कळवून जावं. बायकांची खरेदी आणि पुरुषांची समाजवादावरची चर्चा दोन्ही एकाच वेळी होते आणि दुपारच्या जेवणाला घरी परतता येतं.

प्रवासाचा खर्चही फार नाही. एसटीत 75 पूर्ण झालेल्यांना राज्यात मोफत प्रवास आहे, 65 ते 75 वयाच्यांना अर्धं तिकीट, आणि मार्च 2023 पासून सर्व वयाच्या महिलांना अर्धं. आधार कार्ड मात्र मूळ घ्या. पूर्ण गाडी प्रासंगिक करारावर घेतलीत तर भाडं किलोमीटरवर लागतं, तो हिशेब आगारात आधी विचारून घ्या. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली, ती धरून अंदाज बांधू नका.

संक्रांतीचं वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे त्या पंधरवड्यात हळदीकुंकवाची धूम असते आणि त्यातून नेमक्या त्या बायका वगळल्या जातात ज्यांना सोबतीची सर्वांत जास्त गरज आहे. ज्येष्ठांच्या गटात निम्म्या स्त्रिया एकट्या राहिलेल्या असू शकतात. म्हणून हळदीकुंकू ज्याने-त्याने घरी करावं, गटात मात्र तिळगूळ समारंभ करावा, सर्वांचा. भोगीच्या दिवशी प्रत्येकाने आपल्या गावच्या पद्धतीची भोगीची भाजी आणि भाकरी आणावी. कोल्हापूरकर, नाशिककर आणि रायगडकर यांचं त्या भाजीत काय पडतं यावर कधीच एकमत होत नाही. ते होऊही नये. वाण द्यायचंच तर प्लास्टिकचे डबे नकोत, पिलबॉक्स द्या: सात दिवसांच्या गोळ्या ठेवायचा तो लहान डबा. उपयोगी पडतो.

काही नियम कोरडे आहेत, पण लिहूनच ठेवा. प्रत्येकाच्या खिशात एक कागद: नाव, घरच्यांचा फोन, आजार, चालू औषधं. मधुमेहींच्या खिशात साखर किंवा लिमलेटच्या गोळ्या. पोपटीत, सहलीत जेवणाची वेळ पुढे गेली आणि इन्सुलिन घेतलेलं असलं तर साखर खाली येते; तेव्हा त्यांना ठरल्या वेळी खाऊ घालायची जबाबदारी एकावर टाका. रुग्णवाहिकेसाठी 108. सरकारची ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567, सकाळी 8 ते रात्री 8. पेन्शनपासून छळापर्यंत कशासाठीही तिथे विचारता येतं. ऐकू कमी येणारा गटात असेलच. त्याला कोपऱ्यात नाही, मध्ये बसवा, आणि लाऊडस्पीकर लावण्यापेक्षा एका वेळी एकाने बोला. व्हॉट्सअॅप गटावर फक्त वेळ, जागा आणि निरोप. सुप्रभातची फुलं आणि कॅन्सरवरचे रामबाण उपाय यांना बंदी.

गट चांगला रुळला, माणसं पंचवीस-तीस झाली, की मग आपल्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाशी जोडून घ्या. महाराष्ट्रात अशा संघांचा महासंघ, फेस्कॉम, 1980 पासून काम करतो आहे. हॉल मिळवणं, महापालिकेकडे बाकांची किंवा स्वच्छतागृहाची मागणी करणं, आरोग्य शिबिर भरवणं ही कामं संघाच्या लेटरहेडवर होतात, दहा जणांच्या कट्ट्याच्या शब्दावर होत नाहीत. तेव्हा सत्काराचं व्यासपीठही येईल. येऊ द्या, पण पोपटी बंद करू नका.

आणि जो येत नाही त्याला बोलवायला जा. बायको गेल्यापासून दार न उघडणारे एक गृहस्थ प्रत्येक इमारतीत असतात. त्यांना 'या ना कधीतरी' असं म्हणून ते येत नाहीत. 'रविवारी शेंगा निवडायला माणूस कमी पडतोय, साडेनऊला खाली या' असं सांगा. वालाच्या शेंगा फेब्रुवारीनंतर बाजारात दिसत नाहीत, तेव्हा तारीख याच आठवड्यात ठरवा.